दुबार पेरणी कुठली, या तर नांग्या आहेत

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या चार-पाच कॉलेजांच्या गणिताच्या मास्तरांची बैठक झाली. तालुक्याचं गाव, दुपारचे दोन, फॅन लाइनीच्या मर्जीनं फिरत होता आणि चिवडा आधीच संपला होता. विषय एकच, बीएस्सीच्या पोरांनी लिहून दिलेलं काम आपण तपासलं की ते त्यांना दुरुस्त करून परत देऊ द्यायचं का, आणि दिलं तर मार्क वाढवायचे का. दोन तास बोलणं चाललं. एका बाजूचं म्हणणं, ही मार्कांची खिरापत आहे, डिग्रीची उरलीसुरली किंमतही जाईल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, खेड्यातली पोरं आहेत, घरची कामं करून येतात, टेन्शन असतं, अजून एक चान्स दिला तर काय बिघडतं. शेवटी एका ज्येष्ठ सरांनी निकाल लावला, "अहो, ही दुबार पेरणी आहे, दुसरं काय." सगळे हसले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, पावसानं दडी मारली, बियाणं गेलं, खत गेलं, आता पुन्हा उसनवारी करा आणि पुन्हा पेरा. हसणं झालं आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

एसटीत बसून घरी येताना मला टोचत राहिलं ते वेगळंच. दोन तासांत शिस्त आली, दया आली, कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक आलं, मोबाइल आला, आजकालची पिढी तर दर पाच मिनिटांनी आली. गणित आलंच नाही. हाच वाद इतिहासाच्या किंवा मराठीच्या मास्तरांनी घातला असता तरी शब्दन् शब्द तसाच राहिला असता, मग आपण गणिताचे लोक जमलो कशाला होतो?

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. द्यावं. इंटर्नलच्या कामात, असाइनमेंटमध्ये, युनिट टेस्टमध्ये, पोरांना चूक दुरुस्त करून परत द्यायला द्यावं आणि त्याचे मार्कही द्यावेत, अर्थात अटी घालून. विद्यापीठाच्या फायनल पेपरबद्दल मी बोलत नाही, तो आहे तसा राहू द्या, तीन तासांत बिनामदतीनं काय जमतं हेही कुठंतरी मोजलं पाहिजे. आणि सरांचा तो दुबार पेरणीचा दाखला मला अजिबात मान्य नाही. दुबार पेरणीत सगळं रान मोडून नव्यानं पेरतात. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, दरवर्षी, चांगल्या पावसाच्या वर्षीही, एक दुसरंच काम असतं. सरकी टोबली की आठ-दहा दिवसांत तासातासानं फिरून बघायचं, कुठं उगवलं नाही, कुठं किड्यानं खाल्लं, आणि तेवढ्याच जागी पुन्हा दाणा टाकायचा. उगवलेल्याला हात लावायचा नाही. याला नांग्या भरणं म्हणतात, माझ्या बाबांनी आयुष्यभर केलं आणि त्यांना कोणी म्हटलं नाही की तुम्ही सरकीला खिरापत वाटता.

आता एक पेपर जवळून बघू, नाहीतर सगळं हवेतच राहील. दोन वर्षांपूर्वी सेकंड इयरच्या युनिट टेस्टला मी नेहमीचा प्रश्न दिला होता, एक्सचा वर्ग हे फंक्शन एक्स बरोबर दोनपाशी कंटिन्युअस आहे हे एप्सिलॉन-डेल्टानं सिद्ध करा. ज्यांनी हे शिकलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, समोरचा माणूस एप्सिलॉन देतो, म्हणजे किती फरक चालेल ते सांगतो, आणि आपण डेल्टा सांगायचा, म्हणजे एक्स दोनच्या किती जवळ ठेवला तर उत्तर त्या फरकाच्या आत राहील. एक पोरगी, दहावीपर्यंत मराठी मिडियम, रोज सकाळी पहिल्या एसटीनं येणारी. तिनं एक्स वर्ग वजा चारचे अवयव बरोबर पाडले, एक्स वजा दोन गुणिले एक्स अधिक दोन, आणि मग लिहिलं की डेल्टा बरोबर एप्सिलॉन भागिले एक्स अधिक दोन. उत्तर जुळतं. दिसायलाही सुंदर दिसतं. आणि साफ चूक आहे, कारण डेल्टा एक्सच्या आधी ठरवायचा असतो आणि तिनं तो एक्स बघून ठरवला. गाय कुठून शिरते ते बघतो आणि मग कुंपण घालतो म्हणण्यासारखं झालं ते.

जुन्या पद्धतीनं काय झालं असतं ते मला चांगलं माहीत आहे, कारण मी ते बारा वर्षं केलं. पाचपैकी दोन, समासात लाल शाईनं "डेल्टा एक्सवर अवलंबून", गठ्ठा कपाटात. पोरगी मान हलवते, मार्क बघते, बाजूवालीचे मार्क बघते, आणि फायनलला हीच चूक याच ओळीत परत करते. त्या वर्षी मी वेगळं केलं होतं. पेपरवर मार्क टाकलेच नाहीत, ते माझ्या रजिस्टरात, पेपरवर फक्त पहिल्या चुकीच्या ओळीखाली एक लाल रेघ. काय चुकलं ते लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी, "सर, हे काहून चुकलं? गुणाकार तं बरोबर आहे." मी म्हटलं गुणाकार बरोबरच आहे, तू डेल्टा कधी ठरवला ते सांग. गेली. तिसऱ्या दिवशी आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "एक्स कोणता येईल ते मले माहीतच नाही, मंग त्याच्या भरवशावर डेल्टा कसा ठेवू?" पुढचं तिनंच केलं होतं, आधी एक्स दोनपासून एकच्या आत धरायचा, मग एक्स अधिक दोन पाचच्या खालीच राहतो, म्हणून डेल्टा म्हणजे एक आणि एप्सिलॉनचा पाचवा भाग यातला जो लहान तो.

आता मला सांगा, सेमिस्टरच्या शेवटी या पोरीला काय येतं हे कोणता कागद खरं सांगतो, पहिला की दुसरा? आणि मार्क जर "हिला काय येतं" हे सांगण्यासाठी असतील तर पहिल्या कागदावरच शिक्का मारून बसायचं कारण काय? सप्टेंबरात काय येत नव्हतं त्याची नोंद आपण मार्चपर्यंत सांभाळतो आणि त्याला गुणवत्ता म्हणतो.

गंमत म्हणजे ही चूक काही बारक्या माणसांची नाही. कोशी हा फ्रेंच गणिती, ज्याचं नाव सेकंड इयरच्या पुस्तकात पानोपानी येतं, त्यानं १८२१ च्या पुस्तकात लिहिलं की कंटिन्युअस फंक्शन्सची मालिका कन्व्हर्ज होत असेल, म्हणजे पदं मिळवत गेलं की बेरीज एका ठराविक उत्तराकडे जात असेल, तर तिची बेरीजही कंटिन्युअसच असते. १८२६ मध्ये आबेल या नॉर्वेच्या गणितीनं, वय तेव्हा तेवीस-चोवीस, साइनची एक साधी मालिका दाखवून सांगितलं की या प्रमेयाला अपवाद आहेत. कोशीची खोट कुठं होती? मालिकेची किती पदं घेतली की पुरे, हे प्रत्येक एक्सला वेगळं असू शकतं आणि त्यानं ते सगळ्यांसाठी एकच धरलं. म्हणजे आमच्या पोरीची आणि कोशीची चूक एकाच घराण्यातली, काय कशावर अवलंबून आहे याचा गोंधळ. तो निस्तरता निस्तरता युनिफॉर्म कन्व्हर्जन्स, म्हणजे किती पदं पुरे हे सगळ्या एक्ससाठी एकच असणं, ही कल्पना जन्माला आली, जी आज आम्ही थर्ड इयरला शिकवतो. आणि खुद्द कोशीनं ते प्रमेय सुधारून परत मांडलं १८५३ मध्ये. बत्तीस वर्षांनी रिसबमिट केलं, बापा.

पॉइंकारे या फ्रेंच गणितीचं तर अजून भारी. स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त बक्षीस ठेवलं होतं, १८८९ मध्ये ते पॉइंकारेला मिळालं, तीन ग्रहगोलांच्या गतीवरच्या निबंधासाठी. निबंध छापून होत होता, तेवढ्यात संपादनाचं काम करणारा फ्राग्मेन नावाचा तरुण गणिती काही जागा समजत नाहीत म्हणून विचारू लागला. त्या शंकांना उत्तरं देता देता पॉइंकारेला स्वतःलाच कळलं की दुसऱ्याच एका ठिकाणी मोठी चूक आहे. छापलेल्या प्रती परत मागवल्या, नवा निबंध लिहिला, आणि छपाईचा खर्च त्यानं स्वतःच्या खिशातून दिला, साडेतीन हजार क्राउनच्या वर, बक्षीस होतं अडीच हजारांचं. १८९० मध्ये निघालेल्या त्या दुरुस्त निबंधात जे सापडलं त्यातूनच पुढं केऑस थिअरी आली, सुरुवातीच्या बारीकशा फरकानं पुढचं सगळं कसं बदलतं ते सांगणारी. त्या वेळी संपादकानं "एकदा दिलं ते दिलं, आता खाडाखोड चालणार नाही" म्हटलं असतं तर? अँड्र्यू वाइल्सचं उदाहरण तर सगळ्यांनाच पाठ आहे, १९९३ च्या जूनमध्ये फर्माचं प्रमेय सुटलं म्हणून जाहीर केलं, तपासणीत भोक सापडलं, रिचर्ड टेलरला सोबत घेऊन ते बुजवायला १९९४ चा सप्टेंबर उजाडला. ते भोक दाखवणाऱ्या तपासनिसांनी वाइल्सला नापास केलं नाही.

यावर बैठकीत एका मॅडमनी जे म्हटलं ते खरं आहे आणि मी ते टाळत नाही, "सर, आपली पोरं पॉइंकारे नाहीत." नाहीतच. पॉइंकारेला पहिल्या झटक्यात जमलं नाही, तर आमच्या पोरांना जमलंच पाहिजे ही अपेक्षा कुठून आली, एवढंच मी विचारतो. पण त्यांचा मुद्दा एवढ्यावर संपत नाही हेही मला मान्य आहे. संशोधकाला चुकीचं दुःख असतं, झोप लागत नाही. पोराला मार्क गेल्याचं दुःख असतं. मार्क परत मिळाले की दुःख संपतं आणि चूक तिथंच राहते. म्हणूनच पहिल्या वेळी पेपरवर मार्क दाखवायचे नाहीत. रूथ बटलर या बाईंनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे, ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं, ज्यांना मार्क मिळाले त्यांचं नाही, आणि ज्यांना मार्क आणि शेरा दोन्ही मिळाले त्यांचंही नाही. शाळकरी मुलं होती ती, बीएस्सीची नव्हती, मान्य. पण गठ्ठा वाटल्यावर वर्गात जो गोंधळ होतो तो ज्यानं बघितला त्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

मग हे "एकदा लिहिलं की संपलं" आलं कुठून? गणितातून तर नाही आलं. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघाली, आणि ती शिकवत नव्हती, परीक्षा घेत होती. शिकवायचं कॉलेजनं, विद्यापीठानं फक्त पेपर काढायचा, तपासायचा, कागद द्यायचा. आमचं नागपूरचं विद्यापीठ १९२३ चं, अमरावतीचं १९८३ चं, गडचिरोलीचं २०११ चं, पण रक्तात ते जुनंच आहे. विद्यापीठ म्हटलं की लोकांना परीक्षा आठवते, वर्ग आठवत नाही. दुसरं आलं केंब्रिजहून. आपल्याकडे रँग्लर ही पदवी नावाच्या आधी लावायची रीत होती, रँग्लर परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, आणि सगळ्या महाराष्ट्राची छाती फुगली, फुगायलाच पाहिजे होती. पण ज्या परीक्षेतून ते नंबर लागायचे ती मुख्यतः वेगाची परीक्षा होती, घोड्यांच्या शर्यतीसारखी, आणि हार्डीसारख्या गणितींनीच ओरडा केला की यातून गणित तयार होत नाही, परीक्षा देणारे तयार होतात. १९०९ नंतर केंब्रिजनं क्रमवार यादी लावणं बंद केलं. आपण मात्र अजून तीच शर्यत पळतोय.

आता विरोधातले मुद्दे, जे खरंच वजनदार आहेत.

कॉपी. दुरुस्त केलेलं काम दुसऱ्याचं उतरवलेलं असेल, किंवा मोबाइलमध्ये फोटो टाकला की पायऱ्यांसकट उत्तर येतं, मग आपण मार्क कोणाला देतोय? बरोबर आहे. पण आज काय चाललंय ते पण बघा ना. मी एका खेपेला चाळीस असाइनमेंट घेतल्या आणि त्यातल्या अकरांमध्ये एकाच ओळीत वजाचं चिन्ह गळालं होतं. एकाच जागी, अकरा वेळा. म्हणजे कॉपी पहिल्या खेपेलाच होते आणि तिला आपण गुपचूप मार्क देतो. उलट लाल रेघ प्रत्येकाच्या पेपरवर वेगळ्या जागी असते, माझी चूक माझीच, ती का झाली हे बाजूवाल्याच्या वहीत सापडत नाही. मोबाइलमधल्या एआयला विचारलं तर तो तेही लिहून देईल, आणि माझ्यापेक्षा बऱ्या भाषेत देईल, हे मी मानतो. म्हणून माझी अट आहे की कागद देताना फळ्यापाशी तीन मिनिटं बोलायचं, मराठीत, वऱ्हाडीत, जशी येते तशी. तीन मिनिटांत कळतं. ज्यानं उतरवलं तो, प्रश्न दोनच्या ऐवजी तीनपाशी नेला की, गप्प होतो.

आळस. पहिल्या वेळी काहीही खरडू, नंतर सुधारू. होतं असं, पहिल्या सेमिस्टरला माझ्याकडे झालं. मग नियम केला, गेलेल्या मार्कांतले अर्धेच परत मिळतील, आणि ज्यानं पहिल्या वेळी धड प्रयत्न केला नाही त्याला दुरुस्ती नाही. त्या पोरीचे दोन होते, तीन गेले, म्हणून दीड परत, साडेतीन झाले. ज्यानं पहिल्यांदाच बरोबर लिहिलं त्याचे पाच पाचच राहतात, त्याच्या ताटातलं कोणी काही काढून घेतलं नाही. शिवाय दुरुस्तीला पायरीचे मार्क नाहीत. पहिल्या वेळी अर्धवट उत्तराला दोन देतो, दुसऱ्या वेळी पूर्ण निर्दोष असेल तर दीड, नाहीतर शून्य. खिरापत म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं, पोरांना पहिली टेस्ट सोपी वाटते.

या दोन मुद्द्यांवरच बैठकीचा सगळा जोर होता. तिसरा एक आहे जो तिथं कोणी काढलाच नाही आणि मला तोच सगळ्यात जड वाटतो. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. होस्टेलवर राहणाऱ्या पोराकडे संध्याकाळ असते. जी पोट्टी दिवाळीनंतर सकाळी कापूस वेचून कॉलेजात येते आणि चारच्या एसटीनं परत जाते, तिच्याकडे कोणती संध्याकाळ आहे? म्हणजे ज्यांच्यासाठी आपण चान्स द्यायला निघालो त्यांनाच तो घेता येत नाही आणि ज्याच्याकडे सवड आहे त्याचे साडेतीनाचे सव्वाचार होतात. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी एवढं करतो की आठवड्यातला एक तास दुरुस्तीसाठीच ठेवतो, वर्गातच, घरी न्यायचं काम नाही. सिलॅबस थोडा मागं पडतो. पडू देतो.

आणि मुदत दहा दिवसांचीच. इथं पऱ्हाटीचाच नियम लागतो. नांग्या वेळेत भरल्या तर ते झाड बाकीच्यांसोबत वाढतं, उशीर केला तर आजूबाजूची झाडं त्याला सावलीत घेतात आणि ते खुरटतं, दाणा कितीही चांगला असो. सेमिस्टरच्या शेवटी सगळ्या असाइनमेंट एकदम सुधारून घ्या म्हणणारे जे दयाळू लोक आहेत ना, त्यांनी हे लक्षात ठेवावं. कंटिन्युइटी कच्ची ठेवून डिफरन्शिएबिलिटी शिकवली, त्यावर मीन व्हॅल्यू थिअरम शिकवलं, आणि मग मार्चमध्ये म्हणायचं की आता डेल्टा सुधारून आण. तिथं फक्त आकडा सुधारेल.

मास्तरांवरचा बोजा हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण मी स्वतः त्यात तोंडावर आपटलो आहे. पहिल्या वर्षी उत्साहात सगळे प्रश्न, सगळ्या टेस्ट, सगळ्यांना दुरुस्ती दिली. तिसऱ्या आठवड्यात स्टाफरूममध्ये रात्रीचे साडेसात, शेवटची गाडी गेलेली, आणि टेबलावर अजून तीस पेपर. मग शहाणा झालो. आता टेस्टमधला एकच प्रश्न दुरुस्तीचा, सेमिस्टरमध्ये दोनदा. आणि लाल रेघेनं तपासणी वाढत नाही, कमी होते, कारण समासात मी जे निबंध लिहायचो ते बंद झाले, जे तसंही कोणी वाचत नव्हतं. पण आमच्याकडे अर्ध्याहून जास्त शिकवणं ज्यांच्या खांद्यावर आहे ते घड्याळी तासिकेवाले सर-मॅडम, ज्यांना तासाचे पैसे मिळतात आणि तेही महिनोन्‌महिने येत नाहीत, त्यांनी हे फुकट करावं असं मी म्हणणार नाही. तो प्रश्न भरतीचा आहे, पोरांच्या डोक्यावर फोडू नका एवढंच.

राहिला तो नेहमीचा, "बाहेरच्या जगात दुसरा चान्स नसतो, पूल पडला की पडला." पूल बांधणाऱ्याचं ड्रॉइंग किती जण तपासतात, किती वेळा परत येतं, ते एखाद्या ज्युनियर इंजिनियरला विचारा. बाहेरचं जग कसं चालतं ते पाहायचं असेल तर तलाठी कार्यालयात जा. सातबाऱ्यावर नाव चुकलं तर काय वावर जातं का तुमचं? जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या, कलम १५५ आहेच की लेखनातली चूक दुरुस्त करायला. चकरा मारायला लागतात ते वेगळं. आणि तिथं जुनी नोंद पुसत नाहीत, तिला कंस करतात आणि फेरफार नंबर लिहितात, म्हणजे आधी काय होतं आणि मग काय झालं दोन्ही दिसतं. मी पोरांना तेच सांगतो, पहिला कागद फाडायचा नाही, त्याच्यामागंच दुसरा टाचायचा. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा परीक्षार्थीचा माहितीचा अधिकार आहे. चांगलं झालं. पण आपण ती बघायला दिली कशासाठी, तर बेरीज चुकली का, एखादं पान तपासायचं राहिलं का, हे शोधायला. तपासणाऱ्याची चूक शोधायचा अधिकार पोराला मिळाला, स्वतःची शोधायचा राहिला. आणि विद्यापीठ? पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला की शिपाई चिठ्ठी घेऊन वर्गावर्गात फिरतो, प्रश्न तीन ब मध्ये अधिकच्या ऐवजी वजा वाचावे. शुद्धिपत्रक! प्रश्न काढणाऱ्याला सवलत आहे, सोडवणाऱ्याला नाही.

दुसऱ्या बाजूवरही माझा राग आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. "गरिबाची पोरं आहेत, सांभाळून घ्या" हे मी सत्तावीस वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून ऐकलं आहे आणि तेव्हाही ते मला चपराकीसारखं लागलं होतं. एम.एस्सी.ला अल्जिब्राच्या पेपरात मी एका प्रमेयाऐवजी त्याचा व्यत्यास, म्हणजे उलटं विधान, सिद्ध करून आलो हे मला कळलंच नव्हतं, मार्क कटले, कुठं कटले ते कधी कळलं नाही, आणि एका भल्या सरांनी इंटर्नलमध्ये चार मार्क वाढवून भरपाई केली. चार मार्क मिळाले, व्यत्यास आणि मूळ विधान यातला फरक मात्र मला स्वतः शिकवायला लागल्यावर कळला. पोराला मार्क वाढवून देणं सोपं आहे, त्याला तोच प्रश्न परत हातात देणं अवघड आहे. आमच्या वर्ध्यातच १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली होती, गांधीजी अध्यक्ष, नंतर झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला, हाताच्या कामातून शिक्षण. त्यातलं सगळंच मला पटतं असं नाही, पण तकलीवर सूत काढताना धागा तुटतो तेव्हा काय करायचं ते त्या शाळेतल्या सात वर्षांच्या पोराला माहीत होतं. तुटल्या जागी पेळू लावायचा, पीळ द्यायचा, पुढं चालायचं. गुरुजींनी स्वतःचं सूत त्याच्या हातात ठेवायचं नाही.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात लिहितोय, म्हणून यंदाची गोष्टही सांगतो. तोच प्रश्न, एक्सचा वर्ग, दोनपाशी. एका पोरानं डेल्टा लिहिला होता एक द्वितीयांश आणि एप्सिलॉनच्या दोन नवमांश यातला लहान. बारा-चौदा वर्षं एप्सिलॉनचा पाचवा भाग बघून बघून माझा डोळा तिथं अडखळला, रात्रीची वेळ होती, ओढली लाल रेघ, रजिस्टरात दोन मार्क. दुरुस्तीच्या तासाला तो कागद घेऊन आला तर मागं दुसरा कागद टाचलेला, त्यावर एकच ओळ, "चूक सापडली नाही." मी म्हटलं नीट बघ. तो म्हणाला, "सर, तीन दिवस पाह्यलं." आणि फळ्यापाशी गेला. एक्स दोनपासून अर्ध्याच्या आत धरला तर एक्स अधिक दोन साडेचारच्या खाली राहतो, साडेचार म्हणजे नऊ भागिले दोन, म्हणून दोन नवमांश. तीन मिनिटं पण लागली नाहीत. मागच्या बेंचवरून कोणीतरी हळूच म्हटलं, "सरले अर्धेच मार्क परत भेटतीन आता." मी त्या दोनाला कंस केला आणि बाजूला पाच लिहिले.